निळं हेल्मेट आणि पोटातला गोळा

प्रश्न: काका, मी देवगड तालुक्यातला, वय २३. साऊथ सुदानला यूएनच्या शांतिसेनेत निळं हेल्मेट घालून ड्युटीवर होतो, आता गणपतीला घरी आलोय. तिकडे मलाकालच्या कॅम्पवर रात्री संत्री ड्युटीत बाहेर फायरिंग सुरू झालं की पोटात गोळा यायचा, पण सेक्शनमधे, म्हणजे आमच्या छोट्या तुकडीत, सगळ्यांना हसवणारा मीच, त्यामुळे कोणाला कळलं नाही. इथे आई अख्ख्या वाडीला सांगते, माझो झील कोणाक घाबरणा नाय, आणि मी साधा फटाका वाजला तरी दचकून उठतो. सैनिक म्हणून मी कमी पडतोय का?

उत्तर: नाही रे बाबा, अजिबात नाही. बॉर्डरवर निदान समोर कोण आहे ते माहीत असतं, पीसकीपिंगला, म्हणजे शांतिसेनेच्या कामात, तू कुणाच्याच बाजूचा नाहीस, गोळी चालवायची ती फक्त स्वतःच्या बचावाला नाहीतर लोकांना वाचवायचं जे काम दिलंय त्याच्यासाठी, म्हणजे हातात रायफल आणि तरी अंधारात नुसतं ऐकत उभं राहायचं. गोळा येणारच. आणि धोका खराच होता, डिसेंबर २०१३ मधे त्याच देशात अकोबोच्या तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांना मारायला सशस्त्र जमाव घुसला, त्यात आपले २ जवान गेले.

कॅम्पच्या गेटवर आसऱ्याला आलेल्या बायापोरांसमोर चेहरा शांत ठेवलास ते बरोबरच, ती माणसं जवानाच्या तोंडाकडे बघून ठरवतात की आज झोपायचं की पळायचं. पण ड्युटी उतरल्यावर रायफल कोतमधे, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, जमा करतोस ना, तशी ही भीतीपण बडीकडे, म्हणजे तुझ्या जोडीच्या जवानाकडे, उतरवायला हवी. तुझे जोक ऐकून त्यालाही वाटलं असेल की घाबरलेला मी एकटाच.

आईला किस्से नको सांगूस, "कधी कधी भीती वाटायची गो" एवढंच बोल. वर्षभर तुझा फोन लागला नाही की तिचं काय होत होतं हे तिलाच माहीत, तिला नाही धक्का बसायचा.

दचकणं बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिनाभरानंतरही झोप येत नसेल किंवा झोपेसाठी कँटीनची बाटली लागायला लागली तर थांबू नकोस, आरएमओला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरला, सांग. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीपण चालतो, मराठीत बोलता येतं, आणि फौजेतल्या लोकांसाठी २०२३ मधे पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, त्यांचा वेगळा सेल सुरू झाला. बडीला मात्र आजच फोन लाव, तोही सुट्टीवर असेल तर भेटूनच ये.