संगणक आणि मायक्रोकंट्रोलर या दोन्हींसाठी एकच प्रोजेक्ट टेम्प्लेट कसा बांधावा?

प्रत्येक नव्या कामासाठी जुन्या प्रोजेक्टचे फोल्डर कॉपी करण्याऐवजी, विंडोज, लिनक्स आणि एसटीएम३२ (मायक्रोकंट्रोलर चिपांची एक मालिका) या तिन्हींसाठी चालेल असा सी++चा एकच टेम्प्लेट कसा तयार करावा, असे आपण विचारले आहे.

कॉपी करण्याचा धोका मी अनुभवला आहे. एसटीएम३२एफ४०७ या चिपचा प्रोजेक्ट उचलून मी त्याच मालिकेतील एफ१०३सी८ या चिपसाठी वापरला, पण लिंकर स्क्रिप्ट (प्रोग्रामचे भाग मेमरीत कुठे बसतील हे सांगणारी फाइल) बदलायची राहिली. बिल्ड एकही इशारा न देता पूर्ण झाले; मात्र स्टॅकचा (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या मेमरीचा) आरंभ १२८ किलोबाइट रॅमच्या टोकाला ठरलेला होता आणि या चिपमध्ये रॅम २० किलोबाइटच असते, त्यामुळे स्टॅकवर पहिली नोंद होताच प्रोसेसर हार्ड फॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीच्या अवस्थेत, गेला. म्हणून चिपचे नाव टेम्प्लेटमध्ये एकाच ठिकाणी लिहावे आणि लिंकर स्क्रिप्ट, कंपायलरचे फ्लॅग (सूचना) व स्टार्टअप फाइल (चिप सुरू होताच चालणारा कोड) त्यावरूनच ठरावीत.

बिल्डसाठी मी सीमेक (CMake) हे साधन वापरतो. प्रत्येक लक्ष्यासाठी (विंडोज, लिनक्स, एसटीएम३२) स्वतंत्र टूलचेन फाइल, म्हणजे कोणता कंपायलर कसा वापरायचा हे सांगणारी फाइल, ठेवावी आणि ती सीमेक ३.१९पासून उपलब्ध असलेल्या प्रीसेट्सना (नाव देऊन साठवलेल्या बिल्डच्या पर्यायांना) जोडावी, म्हणजे लांबलचक आज्ञा कोणालाही पाठ कराव्या लागत नाहीत. मायक्रोकंट्रोलरच्या टूलचेन फाइलमध्ये सिस्टिमचे नाव ‘जेनेरिक’ द्यावे. सीमेक सुरुवातीला कंपायलर तपासण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिंक करून पाहतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपसाठी ते लिंकिंग सहसा फसते. ही चाचणी स्टॅटिक लायब्ररीपुरती मर्यादित केली, म्हणजे लिंकिंगची पायरी टाळली, की अडचण सुटते. नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो, असे मी पाहिले आहे.

तरीही टेम्प्लेटचे खरे मोल बिल्डच्या फाइलींपेक्षा कोडच्या विभागणीत आहे. गणिते, प्रोटोकॉल आणि स्टेट मशीन (ठरावीक अवस्थांमधून चालणारे तर्क) ज्या लायब्ररीत असतील, तिच्यात चिप उत्पादकाची एकही हेडर फाइल येता कामा नये. पिन, टायमर आणि यूएआरटी (सिरियल संवादाचा भाग) यांच्याशी तिने एका अरुंद इंटरफेसमधूनच बोलावे. असे केल्यास ती लायब्ररी लॅपटॉपवर कंपाइल होते आणि बोर्ड हाती नसतानाही तिच्या युनिट टेस्ट चालवता येतात. हा नियम कागदावर ठेवू नये: हेडरचे मार्ग त्या लायब्ररीला दिलेच नाहीत, तर तो मोडणारा कोड कंपाइलच होत नाही.

टेम्प्लेटमधून प्रोजेक्ट तयार करण्यासाठी कुकीकटर (Cookiecutter) हे साधन लोकप्रिय आहे, पण मी कॉपियर (Copier) सुचवेन. प्रोजेक्ट तयार करताना त्याच्या प्रश्नांना आपण दिलेली उत्तरे तो प्रोजेक्टमध्येच नोंदवून ठेवतो, त्यामुळे टेम्प्लेटमध्ये पुढे केलेली दुरुस्ती जुन्या प्रोजेक्टांतही आणता येते. त्यासाठी टेम्प्लेट गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवून आवृत्त्यांना टॅग देणे आवश्यक आहे. टेम्प्लेटमध्ये बदल झाला की त्यातून एक रिकामा प्रोजेक्ट आपोआप तयार होऊन तिन्ही लक्ष्यांसाठी बिल्ड होईल, अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी.