दगडखाणीच्या परवान्यावर हरकत : धूळ आणि वायू वेगवेगळे मांडा

प्रश्न : आमच्या फळबागांना लागून दगडखाण आणि खडी क्रशरच्या परवान्यासाठी अर्ज झाला आहे. धुळीने पिकांचं नुकसान होईल का? हरकतीत हरितगृह वायूंचा मुद्दाही घालावा का?

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, दोन्ही मुद्दे घाला, पण स्वतंत्र मांडा. धूळ तुमच्या बांधावर पडते. कार्बन डायऑक्साइड हा हरितगृह वायू, म्हणजे पृथ्वीची उष्णता अडवणारा वायू, कुठेही सुटला तरी साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. दोन्ही एकत्र कालवले की सुनावणीत एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

आधी धूळ. पानावर थर बसला की ऊन कमी मिळतं, पर्णरंध्रं बुजतात, पान तापतं. फुलोऱ्यात ती कुक्षीवर (फुलातल्या परागकण झेलणाऱ्या टोकावर) बसली तर परागकण नीट रुजत नाहीत. धुळकट पानांवर लाल कोळी फोफावतो, कारण त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना तिथे वावरता येत नाही. दगड चुनखडीचा असेल तर धूळ दवाने भिजून पापुद्रा धरते. म्हणून कोणता दगड निघणार, हे अर्जात आधी पाहा.

माणसांची काळजी मला पिकाहून जास्त वाटते. दहा मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत आणि दूरवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार २४ तासांची सरासरी पीएम १० (दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण) साठी घनमीटरला ४५ आणि पीएम २.५ (अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे कण) साठी १५ मायक्रोग्रॅम आहे. दगडात क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) असेल तर त्याची श्वासावाटे जाणारी धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे. सुरुंगानंतर नारिंगी-तपकिरी ढग दिसला तर तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो. त्या वेळी शेतात थांबू नका.

आता अर्जासोबतचा पर्यावरण अहवाल हाती घ्या. पहिला प्रश्न : खाण सुरू होण्याआधीची हवा कोणत्या महिन्यांत मोजली? फक्त पावसाळ्यात मोजली असेल तर ती मोजणी मान्य करू नका, कारण पावसाने हवा धुतलेली असते. कोरड्या हंगामातला वारा कुठून कुठे वाहतो, आणि त्या दिशेला कोणाची घरं आणि बागा आहेत? शेजारच्या चालू खाणींची धूळ हिशेबात धरली का?

सर्वांत जास्त धूळ बहुतेक वेळा क्रशरपेक्षा डंपरच्या कच्च्या रस्त्यावर उडते. 'पाणी मारून धूळ आटोक्यात ठेवू' असं वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात सापडतं. किती टक्के धूळ कमी होईल असं गृहीत धरलंय, दिवसातून किती खेपा पाणी मारणार आणि ते पाणी कुठून आणणार, हे लेखी मागा. तुमच्याच विहिरींच्या झऱ्यातून उपसणार असतील तर धुळीचं संकट पाण्यावर ढकललं, एवढंच होईल. क्रशरला आच्छादन, ताडपत्री झाकलेले डंपर, वेगमर्यादा आणि जोराच्या वाऱ्यात काम बंद, या अटी परवान्यातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

वायूंचा हिशेब सोपा आहे. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा रोज ६० खेपा, प्रत्येक खेप जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि डंपर लिटरला अडीच किलोमीटर चालतो. म्हणजे ४८० लिटर डिझेल आणि रोज जवळपास १,३०० किलो वायू, तोही फक्त वाहतुकीचा. खोदाईची यंत्रं, क्रशरची वीज, तोडलेली झाडं आणि उकरलेल्या मातीतला सेंद्रिय कर्ब वेगळाच. अर्जात खाणीच्या हद्दीतलंच डिझेल मोजलं असेल तर आकडा अपुरा आहे, असं स्पष्ट लिहा. वरची सुपीक माती वेगळी, कमी उंचीच्या ढिगात ठेवून त्यावर द्विदल पीक पेरण्याची अटही मागा. खोल ढिगात ती निर्जीव होते.

परवाना निघण्याआधीच ठरावीक झाडांच्या पानांचे तारखेसह फोटो काढा, दरवर्षीचं उत्पादन वहीत नोंदवा. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर आधीची स्थिती दाखवणारी ही नोंद तुमच्याकडेच असेल. खाण सुरू झालीच तर पानं सकाळी लवकर स्वच्छ पाण्याने धुवा, म्हणजे दुपारपर्यंत वाळतील आणि बुरशी लागणार नाही. फुलोऱ्यात मात्र धुऊ नका. धुळकट तणावर ग्लायफोसेट मारू नका, ते मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं.