वर्गातल्या मुलाच्या वर्तनाच्या नोंदी घ्यायला अ‍ॅप बरं की कागद-पेन?

कागद-पेन. पण प्रश्नाखाली तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, ‘दोन निरीक्षकांचं जुळणं 90 टक्क्यांच्या वर गेलं की पुरे, असं गाईड म्हणतात’, ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी आणि माझी मैत्रीण चौथीच्या एका वर्गात मागे भिंतीला टेकून बसायचो. बाईंची तक्रार एका मुलाबद्दल होती, जागेवर बसतच नाही. दोघींच्या कानात दर 10 सेकंदांनी बीप. त्या 10 सेकंदांत त्याने एकदा जरी जागा सोडली तरी रकान्यात फुली. 20 मिनिटं, म्हणजे 120 रकाने. पहिले दोन दिवस तर वायाच गेले, कारण तो सारखा मागे वळून बघायचा. शेवटी येऊन विचारलंन, “ताई, माझं चित्र काढताय का?” (पहिल्या एक-दोन दिवसांच्या नोंदी धरूच नका. मुलं तुमच्यासाठी वागत असतात.)

तिसऱ्या दिवशी माझ्या 8 फुल्या, तिच्या 6. जुळणारे रकाने 120 पैकी 110. आमचे गाईड सर खूश. “ब्याण्णव टक्के! चला पुढे.”

घरी येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दोघींची फुली एकाच रकान्यात पडली होती ती फक्त दोनदा. बाकी सगळं जुळणं रिकाम्या रकान्यांचं! तो गुडघ्यांवर उभा राहून फळ्याकडे बघायचा, ते मैत्रिणीच्या मते ‘जागा सोडली’. तो बसल्या बसल्या घसरत शेजारच्याच्या बस्करावर जायचा, ते माझ्या मते. व्याख्या आम्ही लिहिली होती एका ओळीची: ‘जागेवरून उठणे’. कसली जागा आणि कसलं उठणं!

मग कोहेनचा कॅप्पा काढला, म्हणजे योगायोगाने होणारं जुळणं वगळून खरं जुळणं किती ते सांगणारा आकडा (0 म्हणजे नुसता योगायोग, 1 म्हणजे पूर्ण जुळणं). 1960 पासून उपलब्ध आहे, गुणाकार-भागाकार येणाऱ्याला पाच मिनिटांचं काम. आम्ही दोघींनी डोळे मिटून तेवढ्याच फुल्या कुठेही मारल्या असत्या, तरी योगायोगानेच सरासरी 89 टक्के जुळलं असतं. ते वजा जाता कॅप्पा आला 0.24. सरांना दाखवला. “हे परीक्षक विचारत नाहीत,” म्हणाले. आणि खरंच, व्हायव्हाला कोणी विचारलं नाही. प्रबंधात 92 टक्केच छापलंय, माझ्या नावानिशी.

त्या दोन सामाईक फुल्यांचंही ऐका. तो खरा उठला एकदाच, पडलेलं खोडरबर आणायला, जेमतेम सहा सेकंद. मधेच बीप वाजली म्हणून दोन रकाने भरले आणि कागदावर झाले 20 सेकंद. ‘एकदा जरी’वाली पद्धत वेळ अशीच फुगवते. उलट ‘पूर्ण 10 सेकंद उठलेला असला तरच फुली’ असा नियम केला असता तर तो उठलाच नव्हता. बाईंना कोणता आकडा आवडला असता ते सांगायला नको. किती वेळ हे हवं असेल तर स्टॉपवॉच लावा, नाहीतर बीप वाजते त्या क्षणी काय चाललंय तेवढंच टिपा. जीन आल्टमन यांनी 1974 मध्येच निरीक्षणाच्या पद्धती एकेक करून तपासून मांडल्यात. त्या बबून माकडांवर काम करणाऱ्या, पण पद्धती चौथीच्या वर्गालाही तशाच लागू पडतात.

तेव्हा गाईडना सांगा, टक्का द्याच, पण शेजारी कॅप्पा आणि फुल्यांचा चार घरांचा तक्ता पण द्या: दोघांची फुली, फक्त पहिल्याची, फक्त दुसऱ्याची, कोणाचीच नाही. आणि व्याख्येत गुडघे, घसरणं, बाईंनी बोलावल्यावर उठणं, सगळं लिहा.

हां, वर्तन फारच क्वचित घडत असेल तर कॅप्पाही उगाच खाली पडतो, म्हणजे माझ्या 0.24 मधलं थोडं पाप त्याचंही असेल. आणि शाळेने, पालकांनी व्हिडिओला लेखी परवानगी दिली तर कागद विसरा. बोरिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मागेपुढे करून सेकंदासेकंदाची नोंद होते. आम्हाला परवानगी मिळाली नव्हती.

मैत्रीण अजून म्हणते, गुडघ्यांवर उभं राहणं म्हणजे जागा सोडणंच. नाहीये.