अप्पांवर लिहायचं, पण लढाई की इस्त्री?

ताई, माझे वडील अप्पा गेल्या वर्षी गेले. ते पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. 1984 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग गावच्या पतसंस्थेत वॉचमन. एकाहत्तरच्या लढाईत होते, पण घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्हाला आठवतात ते आमच्या शाळेच्या गणवेशाला कडक इस्त्री करणारे, तुटलेलं बटण स्वतः लावून देणारे, माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारे अप्पा. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं माझ्याकडे आलंय. दादा म्हणतो, "इस्त्री-बटणं लिहून अप्पांना लहान करू नकोस." त्याने फ्लेक्सचा मजकूरही केलाय: 'शौर्यपदक विजेते, शत्रूचे कर्दनकाळ'. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्यांची दोन पदकं घरात आहेत. मला लढाईचं काहीच ठाऊक नाही. आम्ही त्यांना इतके परके होतो का?
— एक मुलगी, सातारा जिल्हा

बाई गं, आधी फ्लेक्सचं बघू, कारण तो चौकात लागला की गावभर झाला. पूर्वी स्टार मिळाला तो 1971 च्या पूर्व आघाडीवर सेवा केलेल्यांना, आणि संग्राम मेडलही त्याच काळातल्या सेवेचं. दोन्ही मानाची, पण शौर्यपदकं वेगळी. तुमच्या जिल्ह्यात घराआड फौजी. एखादा निवृत्त सुभेदार ते वाचून गप्प राहील आणि अप्पांविषयी नको ते मनात आणेल. दादाला सांग, नाव, हुद्दा, पलटण आणि '1971 च्या युद्धात सहभाग' एवढंच छाप. 'कर्दनकाळ' काढून टाका. जो माणूस स्वतः बोलला नाही त्याच्या तोंडी आपण डरकाळी का घालायची?

लढाईचं म्हणशील तर पलटणीचं बरंच लिहिलेलं आहे. जंगी पलटण जमालपूरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, लढली. ब्रह्मपुत्रा ओलांडून तिने जमालपूरच्या दक्षिणेला ढाक्याची वाट अडवली. 10 डिसेंबरच्या रात्री तिथली पाकिस्तानी शिबंदी वेढा फोडून निघाली ती थेट या मराठ्यांवर येऊन आदळली, आणि 11 तारखेला जमालपूर पडलं. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. पण त्या रात्री अप्पा कुठल्या कंपनीत होते, कुठल्या खंदकात होते, हे त्यात नाही. म्हणून अप्पांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीची नोंदवही, काढ, ते तेव्हा पलटणीबरोबरच होते ना हे बघ, आणि असतील तर 'जमालपूरला लढलेल्या पलटणीत अप्पा होते' असं लिही. त्यापुढे एक शब्द रचू नकोस. त्यांच्याबरोबरचा कोणी हयात असेल तर त्याला फोन नको, घरी जाऊन भेट.

आता 'परके होतो का'. मला तसं वाटत नाही. रात्रीच्या अंधारात माणसं अंगावर चालून आली आणि आपण गोळ्या झाडल्या, हे बाप पोरांना जेवताना काय म्हणून सांगेल? घर त्यांनी त्यापासून लांब ठेवलं. आणि ती इस्त्री कुठून आली वाटतं तुला? बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला रंगरूट असताना उस्तादांनी लावलेली शिस्त आहे ती. पलटणीत स्वतःच्या वर्दीला करायचे, घरी येऊन पोरांच्या गणवेशाला करू लागले. दादाला हे वाचून दाखव. इस्त्रीने अप्पा लहान होत नाहीत.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट खटकली, आणि ती स्पष्ट सांगते. एवढ्या मोठ्या पत्रात आई कुठेच नाही. अप्पांना कुटुंबवत्सल म्हणायचं तर त्यांच्या फौजेतल्या वर्षांत कुटुंब सांभाळलं कोणी? वर्षाकाठी दोन-तीन महिन्यांची सुट्टी, बाकी मनीऑर्डर आणि 'मार्फत 99 ए.पी.ओ.' असा फौजी टपालाचा पत्ता लिहिलेलं अंतर्देशीय. सासू-सासरे, शेत, तुमची आजारपणं सगळं तिच्यावर.

तेव्हा लिहायला बसण्याआधी तिच्यापाशी बस. 'अप्पांबद्दल सांग ना' असं विचारू नकोस, ती 'काय सांगू, चांगले होते' म्हणेल आणि पदराने डोळे पुसेल. नेमकं विचार. एकाहत्तरच्या डिसेंबरात अप्पा जिवंत आहेत हे तुला कधी कळलं? कोणी सांगितलं, पत्र आलं की तार? तोवर घरात काय चाललं होतं? रेडिओ कोणाच्या घरी होता? पहिल्या सुट्टीला आले तेव्हा झोप लागायची का त्यांना? फोनवर रेकॉर्डिंग लावून बाजूला ठेव आणि मध्ये बोलू नकोस. दादालाही बसव. त्याला हवी असलेली लढाई तुमच्या घरात याच बाजूने आली होती.

मग पुस्तिकेला आपोआप आकार येईल: पलटणीचं एक पान, आईचं जितकं निघेल तितकं, आणि उरलेलं सगळं तुझं. बाळंतपणातला तो बाक नक्की घे. ट्रंकेत पत्रं सापडली तर एखादं अप्पांच्या अक्षरात तसंच छाप, शुद्धलेखन सुधारायला जाऊ नकोस.

आणि न विचारलेलं एक. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालंय का? फौजेच्या कागदांत बायकोचं नाव एक आणि आधारवर दुसरं, असं बऱ्याच घरांत निघतं. तसं असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि डिस्चार्ज बुक घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हे काम मात्र दादाकडे दे, आणि वर्षश्राद्धाची वाट बघू नका.