टाइप वन डायबेटिस असलेला माझा १४ वर्षांचा मुलगा वहीत खोट्या शुगर लिहितो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वहीत सगळ्या शुगर १२० ते १४०, आणि तपासणीत एचबीएवनसी मात्र १०.२ निघाली. म्हणून तुम्ही त्याचा मोबाइल काढून घेतलात. शाळेच्या सहलीला पाठवावं का, हेही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझी लेक अकरावीत आहे, तिला सातवीत असताना निदान झालं. त्या अनुभवावरून सांगते.

दादा, मोबाइल आधी परत द्या. १०.२ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी २४५च्या आसपास. हे त्यालाही कळतं. तरी तो १३० लिहितो, कारण २८० म्हटल्यावर घरात काय होतं ते त्याला पाठ असतं. ‘काय खाल्लंस?’ हा प्रश्न येतो, आजीचे डोळे भरतात, जेवणाचं ताट गार होतं. १३० लिहिलं की सगळे नीट जेवतात. आमच्याकडे एक नियम आहे: आकडा कितीही असो, ऐकणाऱ्याचं पहिलं वाक्य ‘बरं, मग आता इन्सुलिन किती युनिट?’ एवढंच. का वाढली याची चर्चा त्या क्षणी नाही. ती आठवड्यातून एकदा, ग्लुकोमीटर हातात घेऊन, दोघांनी मिळून. मीटरमध्ये तारीख-वेळेसकट सगळं साठलेलं असतं, त्यामुळे वही बंद केलीत तरी चालेल. सीजीएम सेन्सर, म्हणजे अंगावर लावायचा आणि शुगर सतत फोनवर दाखवणारा सेन्सर, परवडत असेल तर फारच सोपं होतं, पण मग दर दहा मिनिटांनी स्वतःच्या फोनवर आलेख बघून त्याला मेसेज करायचा नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. या वयातली वाढलेली शुगर म्हणजे दर वेळी चोरून खाल्लेला वडापाव नव्हे. वयात येताना ग्रोथ हॉर्मोन वाढतं आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. लहानपणी किलोमागे दिवसाला पाऊण-एक युनिट पुरत असेल, तर या वर्षांत ते दीडपर्यंतही जाऊ शकतं. पहाटे तर हा परिणाम जास्तच. रात्री १४० वर झोपलेलं पोर सकाळी २३० वर उठतं. मुलगा उंच झाला, आवाज फुटला आणि डोस मात्र गेल्या वर्षीचाच, असं झालंय का ते आधी बघा आणि डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. पुष्कळ मुलं स्वतःला दोषी मानत बसतात आणि चूक नुसती जुन्या डोसची असते.

दुसरं, त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर तुम्ही बाबा म्हणून एकदा हात फिरवून बघा. एकाच जागी टोचून टोचून तिथे मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही, म्हणून मुलं तिथेच टोचतात आणि इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. जागा बदलल्यावर शुगर एकदम खालीही येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच बदला.

‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ हे मला अजिबात पटत नाही. चौदाव्या वर्षी टोचता येतं, पोळी-भाताचे कार्ब मोजता येतात. पण रोज चार-पाच वेळा, एकही सुट्टी न घेता, एकट्याने? मोठ्यांनाही जड जातं. डब्याच्या वेळचा डोस लेक स्वतः घेते. रात्रीचं लाँग ॲक्टिंग, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, मात्र आम्हा दोघांपैकी कुणाच्या तरी समोरच, कारण ते चुकलं तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं, व्हायला वेळ लागत नाही. शुगर २५० च्या वर आणि त्यात उलटी, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास असं काही असेल तर लघवीतले कीटोन तपासा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद ठेवायचं नाही.

नातेवाईक काढे सुचवतील, ‘लहानपणी गोड फार दिलंत’ म्हणतील. त्याच्यासमोरच ठाम सांगा की शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, गोडाचा त्यात दोष नाही, आणि इन्सुलिन सुटणार नाही. आपले आईवडील आपल्या बाजूने बोलतात हे त्याच्या कानावर पडू दे.

सहलीला जरूर पाठवा. इन्सुलिन पेन, सुया, मीटर त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये. बसच्या डिकीत किंवा टपावर नाही, तिथे उन्हाने इन्सुलिन खराब होतं. एक जादा पेन शिक्षकांकडे. चालणं खूप असेल तर डोस किती कमी करायचा ते आधी विचारून ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे एका मित्राला आणि एका शिक्षकांना शिकवून ठेवा. बेशुद्ध झाला तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना, हेही. शाळेला हे सगळं लेखी द्या. सीबीएसईची शाळा असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत अशा मुलांना खाऊ सोबत नेण्याची परवानगी बोर्डाने २०१७ मध्ये दिली आहे, त्याचा अर्जही वेळेत करा. आणि कोणत्या मित्राला सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या.