शाळेत मुलांच्या वागण्याच्या नोंदी मोबाइल अ‍ॅपवर ठेवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की शाळेत समुपदेशनाचं काम नुकतंच हाती घेतलंय, तर मुलांचं वागणं टिपायला अ‍ॅप वापरावं का आणि कुठलं. मी हेच काम करते, आधी वहीत नोंदी ठेवायचे, आता बरीच वर्षं फोनवर. माझं उत्तर हो, जरूर वापरा, पण कुठलं अ‍ॅप यापेक्षा त्यात नेमकं काय टिपायचं यावर जास्त डोकं लावा.

माझ्याकडे सहावीतला एक मुलगा होता, सगळे शिक्षक म्हणायचे की फार चिडतो. पहिला आठवडा आम्ही अ‍ॅपमध्ये तेच टाकत राहिलो, चिडला, आज परत चिडला, आणि हाती काहीच लागेना, कारण चिडला म्हणजे काय हे ज्याचं त्याचं वेगळं, एका बाईंना तर तो मान खाली घालून बसला तरी चिडलेला वाटायचा. मग ठरवलं की दोनच गोष्टी मोजायच्या, वही-पुस्तक आपटणं आणि न विचारता वर्गाबाहेर जाणं. आणि दर वेळी आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं एवढंच लिहायचं. ही जुनीच पद्धत आहे, अँटिसिडंट, बिहेविअर, कॉन्सिक्वेन्स या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला एबीसी म्हणतात. अ‍ॅपमुळे एवढंच होतं की वेळ आपोआप पडते आणि बाईंना तास चालू असतानाच दोन टॅपमध्ये नोंद करता येते, नाहीतर संध्याकाळी आठवून लिहायला बसलं की दिवसातलं सगळ्यात मोठं भांडण तेवढं लक्षात असतं. दोन आठवड्यांनी बघितलं तर जवळजवळ सगळ्या नोंदी भाषेच्या तासाच्या, आणि "आधी काय झालं" मध्ये तेच ते, मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली होती. पोराला नीट वाचताच येत नव्हतं हो, आणि वर्गाबाहेर काढलं की त्याची सुटका व्हायची! मग रागाचं बाजूला ठेवलं आणि आधी वाचनाची तपासणी करून घेतली.

आणखी एक, उपाय सुरू करायच्या आधी किमान आठवडाभर काहीही न बदलता नोंदी घ्या, नाहीतर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून सांगणार?

मोठ्या मुलांना स्वतःच नोंद करू द्या, मी आज कसा आहे, झोप किती झाली, बस्स. स्वतःकडे लक्ष जायला लागलं की तेवढ्यानेच वागणं थोडंफार बदलतं, हे मी खूपदा बघितलंय. फोनने आपोआप टिपायचे प्रयोगही झालेत, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये २०१३ साली ४८ विद्यार्थ्यांच्या फोनवरून १० आठवडे झोप, हालचाल, गप्पांचं प्रमाण असं सगळं नोंदवलं आणि त्यातल्या काही गोष्टींचा नैराश्याच्या प्रश्नावलीशी संबंध दिसला. पण ती कॉलेजची मुलं होती, स्वतःहून तयार झालेली. शाळेतल्या मुलावर त्याच्या नकळत असली पाळत ठेवू नका, एकदा का त्याला कळलं की त्याचं तुमच्याशी मनातलं बोलणं संपलंच म्हणून समजा.

वागण्याला गुण देणारी अ‍ॅप्स वर्गाच्या पडद्यावर लावू नका, तळाला कोणाचं नाव आहे ते सगळ्या वर्गाला दिसतं. नोटिफिकेशनमध्ये मुलाचं नाव येणंही बंद करून घ्या, एका शिक्षकांचा फोन प्रोजेक्टरला जोडलेला असताना आमच्याकडे नेमकं तेच झालं आणि ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका मुलीने रात्री साडेअकराला अ‍ॅपमध्ये लिहिलं की जगावंसं वाटत नाही, आणि मी ते वाचलं सकाळी पावणेआठला. ती सुखरूप होती, आईला जाग आली होती आणि दोघी बोलत बसल्या होत्या, पण ते आठ तास माझ्या मनातून अजून जात नाहीत. तिला वाटत होतं की पलीकडे कोणीतरी वाचतंय. आता पहिल्याच स्क्रीनवर लिहिलेलं असतं की शाळा सुटल्यावर हे कोणी बघत नाही, आणि खाली हेल्पलाइनचा नंबर आणि घरातल्या एका माणसाचं नाव, ते नाव मूल स्वतः निवडतं, पालकांसमोर बसून. तुम्हीही अ‍ॅप सुरू करायच्या आधी मुख्याध्यापकांशी बसून नोंदी कोण वाचणार, किती वाजेपर्यंत आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा कोण, हे लेखी ठरवून घ्या.