मूत्रपिंड, वृक्क, गुर्दा, किडनी

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय : 'सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलंय. डॉक्टर किडनी म्हणतात, लेकीच्या पुस्तकात वृक्क आहे, मटणाच्या दुकानात गुर्दा. मी मूत्रपिंड म्हटलं तर सासरे म्हणाले, लघवी साफ होतेय मला, मूत्रपिंडाला काय धाड भरलीय? मूत्रपिंड म्हणजे लघवीची पिशवीच ना? आणि यातला कोणता शब्द वापरावा?'

ताई, लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय. तुम्ही दिलेले चारही शब्द एकाच अवयवाचे आहेत आणि तो अवयव पिशवीहून अगदी वेगळा. 'मूत्रपिंड' आणि 'मूत्राशय' या दोन्ही शब्दांची सुरुवात 'मूत्र'ने होते, म्हणून घोळ होतो. फरक शेवटच्या पदात आहे. 'आशय' म्हणजे एखादी गोष्ट साठून राहते ती जागा. ठाण्यातले मासुंदा, उपवन, कचराळी हे जलाशय; पोटात पित्ताशय, गर्भाशय, मूत्राशय. सगळे आतून पोकळ. 'पिंड' म्हणजे भरीव गोळा, जसं स्वादुपिंड.

हा भरीवपणा बघायचा असेल तर मटणवाल्याकडून एक गुर्दा उभा चिरून घ्या. वरची पांढरी चरबी सोलली की गुळगुळीत, तपकिरी-लाल गोळा हाती येतो. चिरल्यावर काठाने गडद थर, आत फिकट गाभा आणि खाचेपाशी छोटीशी पांढरट पोकळी दिसते. तयार झालेली लघवी त्या पोकळीत उतरते आणि मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात जाते. माणसाच्या गाभ्याचे शंकूच्या आकाराचे ८ ते १८ भाग असतात, बकऱ्याच्या गुर्द्यात ते मिळून एकच कड झालेली असते. एवढा फरक सोडला तर रचना तीच. आपली मूत्रपिंडं १० ते १२ सेंटिमीटर लांब, पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना. उजवं यकृताखाली असल्याने जरा खालच्या पातळीवर. मूतखड्याची कळ बरगड्यांखाली पाठीत उठते ती म्हणूनच.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे. 'मूत्र' हे पद या अवयवाचं निम्मंच काम सांगतं. मूत्रपिंड काम करतं ते रक्तावर. मिनिटाला साधारण एक लिटर रक्त दोन्हींतून जातं. प्रत्येकात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात आणि त्यांतून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं पाणी, साखर, क्षार नेफ्रॉनच्या नळ्या परत रक्तात घेतात. चहाच्या गाळणीला हे 'परत घेणं' जमत नाही, म्हणून 'किडनी म्हणजे गाळणी' हे सोपं वर्णन मला अपुरं वाटतं. शिवाय रक्तदाब सांभाळणं, तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला देणं, ड जीवनसत्त्व कामी येईल अशा रूपात आणणं हीसुद्धा याच अवयवाची कामं. दीर्घकाळच्या आजारात ही कामं ढासळत असतानाही लघवी नेहमीसारखी होत राहू शकते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, मात्र वाढत जातं. 'लघवी साफ, म्हणजे मूत्रपिंड ठीक' ही समजूत धोक्याची आहे, आणि शब्दातलं ते पहिलं पद तिला खतपाणी घालतं.

'वृक्क' या शब्दावर असा डाग नाही. हा जुना संस्कृत शब्द आणि फारसीतून आलेला 'गुर्दा' सख्खे भाऊ आहेत. एकाच इंडो-इराणी मुळातून दोघं निघाले. आरंभीच्या 'वृ'चा फारसीत 'गुर्' होतो : संस्कृतात लांडग्याला 'वृक', फारसीत 'गुर्ग'. तसाच 'वृक्क' आणि 'गुर्दा'. पुस्तकी म्हणून नाक मुरडावं असा एक शब्द आणि खाटकाच्या फळीवरचा दुसरा, दोघांचं घराणं एकच, याचा मला फार आनंद वाटतो. लिहिताना मात्र जोडाक्षर जपा. एक 'क' गळला तर लांडगा होतो. भीमाला 'वृकोदर' म्हणतात तो त्या लांडग्यावरून.

कोणता वापरावा? लेकीने परीक्षेत 'वृक्क'च लिहावं. 'गुर्दा' मराठीत बहुतेक मटणापुरता उरलाय, माणसाबद्दल तो कानाला खटकतो. लेखी मराठीत मी 'मूत्रपिंड' वापरतो. तो रुळलेला आहे आणि 'पिंड' हे पद नेमकं आहे. घरात 'किडनी' म्हणायला काहीच हरकत नाही, 'किडन्या' असं मराठी अनेकवचनही आपण कधीच करून टाकलंय.

दवाखान्याची पाटी मात्र नीट वाचा. मूत्ररोगतज्ज्ञ मूतखडा, प्रोस्टेट, मूत्राशय यांच्या शस्त्रक्रिया करतात. क्रिएटिनिन वाढलं असेल तर गाठायचे ते मूत्रपिंडविकारतज्ज्ञ. आणि सासऱ्यांना सांगताना लघवीचा विषयच काढू नका. 'बाबा, रक्त साफ करणाऱ्या किडन्या थकल्यात, रिपोर्टमध्ये रक्ताचा आकडा वाढलाय,' एवढं म्हणा.